ट्रॉलीची बॉडी: टेंभुर्णीच्या गाडीपासून डंपिंगपर्यंत

आजची नोंद पिकाची नाही, लोखंडाची आहे.

आमच्या जुन्या ट्रॉलीची चेसी हुकाजवळ तिसऱ्यांदा तडकली. मिस्त्रीकडं नेली तर तो म्हणाला, "बापू, आता वेल्डिंगला वेल्डिंगच धरतंय, लोखंड राहिलंच नाही." म्हणजे नवी करावी लागणार. गळीत हंगाम तोंडावर आला आणि घरात दोन मतं. पोराला पाहिजे अर्धगोल तळाची, उंच बाजूंची डंपिंग बॉडी. मुरमाला आणि खडीला भाडं चांगलं मिळतं, दिवसात खेपा जास्त होतात, हा त्याचा हिशेब. मला पाहिजे सपाट तळाची, सुटे फाळके असलेली. आठ दिवस जेवताना हाच विषय. त्याची आई म्हणाली, "ट्रॉली अंगणात यायच्या आधीच घरात घुसली."

मी दहावी शिकलेला माणूस, पण एक खोड आहे. कोणतीही वस्तू घ्यायची म्हटली की ती अशीच का झाली हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. ट्रॉलीच्या बाबतीत तर लांब जायलाच नको. माल वाहायच्या गाड्यांचा मोठा इतिहास आमच्या माढा तालुक्यातच पडलेला आहे. तो सांगतो, मग शेवटी काय ठरलं तेही सांगतो.

दोनशे वर्षांमागं आपल्या भागात गाडी ही सर्रास वस्तू नव्हती. धान्य, कापूस, मीठ हे सगळं बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांत जायचं. लमाणांचे तांडे हीच त्या वेळची वाहतूक. गाड्या होत्या त्या अवजड. चाक म्हणजे जोडलेल्या फळ्यांचा भरीव गोल तुकडा, कुठं कुठं चक्क दगडाचं. ओढायला दोन बैल पुरायचे नाहीत. 1830 नंतरच्या दहा वर्षांत इंग्रजांनी जमिनीची नवी पैमाश इंदापूर भागातून सुरू केली. त्या काळात गेसफर्ड नावाच्या एका लेफ्टनंटनं आमच्या टेंभुर्णीला हलक्या बैलगाड्या बनवायचा कारखाना काढला. आऱ्यांचं चाक, दोन बैलांना झेपेल एवढं वजन, आणि कुणब्याला परवडेल अशी किंमत, हा त्याचा बेत. जुन्या गॅझेटियरमध्ये ही हकीकत आहे. गावातल्या निवृत्त गुरुजींनी मला ती वाचून दाखवली. टेंभुर्णी म्हटलं की आता हायवे आणि ऊस आठवतो. पण आपल्याकडच्या दोन बैली गाडीचं एक मूळ तिथं आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

ती गाडी मी पाहिली म्हणजे आजोबांच्या दारात पाहिली. तिची जातकुळी तीच. बाभळीचा तुंबा, आरे, आणि वरून लोखंडी धाव. धाव बसवायचा दिवस म्हणजे आम्हा पोरांना जत्रा. लोहार गोवऱ्यांच्या आरात धाव लाल करायचा, ती फुगली की चिमट्यांनी धरून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. चर्र आवाज होऊन ती आवळायची आणि सगळे आरे घट्ट व्हायचे.

पण आज सांगायचंय ते साट्याबद्दल. आजोबांच्या गाडीला साटा एकच, माल मात्र दहा तऱ्हेचा. शेणखत भरायचं तेव्हा कडेनं बांबूच्या तट्ट्या उभ्या करायच्या. कडबा भरायचा तेव्हा तट्ट्या काढून पुढं-मागं दांडकी लावायची आणि पेंढ्या साट्याच्या बाहेर दोन हात काढून रचायच्या. पोती न्यायची तर मोकळा साटा. लग्नाला जायचं तर खाली कडबा, वर घोंगडं आणि वर ताडपत्री. आणि शेणखत रानात उतरायचं कसं? बैल सोडायचे, मागची फळी काढायची आणि दोघा-तिघांनी जू धरून धुरा आभाळाकडं उचलायची. गाडी मागं कलली की अर्धं खत आपोआप खाली. उरलेलं खोऱ्यानं ओढायचं. आज आपण ज्याला डंपिंग म्हणतो ते हेच. जॅक तेवढा नव्हता, त्याच्या जागी आजोबा आणि दोन चुलते होते.

गाडी भरताना आजोबा दोन शब्द सारखे वापरायचे. मागं वजन जास्त झालं की गाडी "उलाळ". जू वर उचलतं आणि पट्टा बैलाच्या गळ्याला आवळतो. पुढं वजन जास्त झालं की "धुरजड". सगळा भार मानेवर येतो, खांदा सुजतो. खांदेमळणीला हळद-लोणी लावताना आजोबा खांद्यावरून हात फिरवून सांगायचे, यंदा गाडी कुणी भरली होती. किंचित धुरजड गाडी चांगली, उलाळ कधीच नको, हा त्यांचा नेम होता. हे दोन शब्द ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहेत.

आता कुर्डुवाडीकडं चला. 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे सुरू झाली. कुर्डुवाडी स्टेशनला तेव्हा बार्शी रोड म्हणायचे. ही बार्शी लाईट रेल्वे उभी करणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. (याच माणसानं पुढं विमानातून उडी मारायची पॅराशूट छत्री बनवली. काही डोकी एका जागी बसतच नाहीत.) त्याची अडचण आपल्यासारखीच होती. पैसा कमी, म्हणून रूळ हलके घालायचे, पण माल मात्र भरपूर न्यायचा. त्यानं एक नियम घातला. इंजिन असो नाहीतर डबा, कोणत्याही एका आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार पडायचा नाही. वजन जास्त न्यायचं असेल तर चाकं वाढवा, एका आसावर लादू नका. हलक्या रुळावर मोठा माल गेला तो या वाटणीमुळं.

दुसरी गोष्ट मला त्याहून आवडली. मालडब्यांचा खालचा सांगाडा त्यानं एकच ठेवला, 25 फूट लांब, 7 फूट रुंद, दाबलेल्या पोलादी पत्र्याचा. त्याच्यावर बुटक्या बाजूंचा डबा, उंच बाजूंचा डबा, झाकलेला डबा, ज्याला जे लागेल ते. सांगाडा एक आणि पेटारा मालाप्रमाणं. आजोबांच्या तट्ट्यांचंच शहाणपण, फक्त पोलादात. ती लाईन आता ब्रॉडगेज झाली. छोटी गाडी ज्यांनी पाहिली ते म्हातारे अजून तिच्या शिट्टीची नक्कल करून दाखवतात.

मग आला ट्रॅक्टर. त्याआधी मध्ये टायरगाडी येऊन गेली. लोखंडी धाव जाऊन हवेचं टायर आलं, बैलांचे हाल कमी झाले आणि साटा रुंद झाला. आजही गाडीच्या, ट्रॉलीच्या टायरवर एडीव्ही ही अक्षरं दिसतात. त्यांचा अर्थ जनावरानं ओढायचं वाहन. जनावर गेलं, अक्षरं राहिली.

ट्रॅक्टरच्या मागं काय जोडायचं याचा नीट विचार केला तो हॅरी फर्ग्युसननं. हा उत्तर आयर्लंडचा. आपण रोज वापरतो ती तीन सांध्यांची जोडणी आणि तेलाच्या दाबावरची लिफ्ट त्याची देणगी. 1946 ला त्याचा टीई-20 ट्रॅक्टर निघाला. त्याच्या अवजारांत 3 टनांची दोन चाकी ट्रॉली होती, तीही ट्रॅक्टरच्या तेलावर उलटणारी. त्या ट्रॉलीचा आस त्यानं मधोमध न ठेवता मागं सरकवला. म्हणजे भरलेल्या ट्रॉलीचा थोडा भार हुकावर यायचा, ट्रॅक्टरची मोठी चाकं जमिनीत दाबली जायची आणि हलका ट्रॅक्टरसुद्धा ओल्या रानातून ओढायचा. ऐकल्यासारखं वाटतंय ना? किंचित धुरजड! आजोबांना फर्ग्युसन माहीत नव्हता आणि फर्ग्युसनला आजोबा, पण दोघांची गाडी एकाच नियमानं भरली जायची. 1960 मध्ये मद्रासला टाफे कंपनी निघाली आणि मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर इथं बनू लागले, तेव्हा ही हायड्रोलिक आपल्या रानात उतरली.

गाडीचा पेटारा तेलानं उचलायची युक्ती मात्र त्याच्याही आधीची, अमेरिकेतली. 1911 च्या सुमारास गारफिल्ड वूड नावाच्या माणसानं एका ड्रायव्हरला कोळशाच्या ट्रकची बॉडी हातानं दांडा फिरवून उचलताना पाहिलं आणि त्या जागी तेलाचा जॅक बसवला. त्याचा मोठा धंदा झाला. पुढं तो वेगवान मोटारबोटींच्या शर्यतींत गाजला. म्हणजे डंपिंगचा जन्म कोळशापासून आहे. कोळसा कोरडा, खडबडीत, न चिकटणारा. हे महत्त्वाचं आहे, कारण प्रत्येक बॉडी कुठल्यातरी एका मालासाठी जन्मली आहे. आपण तिच्यात दुसराच माल भरतो आणि मग लोखंडाला नावं ठेवतो.

आता बाजारात काय काय मिळतं ते बघू. आमच्याकडं मिस्त्री लोकांच्या वर्कशॉपात मुख्य चार तऱ्हा दिसतात.

पहिली साधी ट्रॉली, न उलटणारी. उसाची ट्रॉली ही हिचीच बहीण. उसाला बाजूचे फाळके नकोतच, उभ्या दांड्या पाहिजेत. ऊस भरायच्या आधी तळात वायररोप टाकून ठेवायचे. कारखान्यावर क्रेन तेच रोप धरून सगळी मोळी उचलते आणि गव्हाणीकडं टाकते. त्यामुळं उसाला डंपिंग लागत नाही, उलट जॅकचं वजन फुकट वाहावं लागतं. आमच्या भागात वर्षातली सगळ्यात जास्त वाहतूक उसाची, म्हणून जुन्या लोकांकडं साधीच ट्रॉली दिसते.

दुसरी मागं उलटणारी, सपाट तळाची, चौकोनी. सगळ्यात जास्त खपते ती ही. हिचं माप लक्षात ठेवायला सोपं आहे. 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 20 इंच उंच पेटारा म्हणजे बरोबर 100 घनफूट, एक ब्रास. पण एक ब्रास म्हणजे किती वजन, हे मालावर आहे. अर्धवट वाळलेलं शेणखत दीड-दोन टन भरेल. मुरूम साडेचार टनांच्या आसपास जाईल. तलावातला ओला गाळ त्याच्याही वर. पेटारा तोच, आणि वजनात दुप्पट-अडीचपट फरक. पोरगं म्हणतं बाजू उंच करू, खेपेला जास्त बसेल. शेणखताला हे खरं आहे. मुरमाला उंच बाजू म्हणजे आसाचा आणि टायरचा गळा दाबणं. कॅलथ्रॉपचा नियम पेटाऱ्याची उंची बघत नाही, आसावरचा भार बघतो.

तिसरी तिन्ही बाजूंनी उलटणारी. युरोपात शेतकरी ही फार वापरतात. बाजूला उलटताना पेटारा कमी उंच जातो, बांधाच्या कडेनं खताची ओळ टाकत जाता येतं. पण चार कोपऱ्यांना चार खिळी असतात. ज्या बाजूला उलटायचं त्या बाजूच्या दोन ठेवायच्या आणि समोरच्या दोन काढायच्या. घाईत कुणी तिरक्या कोपऱ्यांच्या दोन ठेवल्या आणि लिव्हर ओढला तर पेटारा पिळवटतो. आमच्याकडं रोज वेगळा गडी असतो. नको रे बाबा.

चौथी पोराची लाडकी, अर्धगोल तळाची. दिसायला झकास. तिच्यात दम आहे हेही मान्य. वाकवलेला पत्रा स्वतःच ताठ असतो, म्हणून बाहेरून उभ्या पट्ट्यांची रांग मारायची गरज कमी. वजन तळाच्या मध्यात बसतं म्हणून गाडी कमी डोलते. आणि कोपराच नाही म्हटल्यावर माल चिकटायला जागा नाही. मधला माल आधी घसरतो आणि कडेचा त्याच्यामागं. खडी, मुरूम, गाळ यांना याहून चांगला आकार नाही. पण तिच्यात सोयाबीनचे कट्टे रचून दाखवा. खालचा थर तिरका, वरचा त्याहून तिरका. केळीचे घड ठेवा, वळणावर सगळे मध्ये येऊन चेंगरतात. कडबा तर विसराच. ती बॉडी खडीनं जन्माला घातली, आणि खडीचं भाडं नसेल त्या दिवशी ती दारात नुसती उभी राहते.

इथपर्यंत हिशेबाच्या गोष्टी झाल्या. पण माझ्या "नको"च्या मागं हिशेब एवढाच नव्हता, हे पोरालाही माहीत आहे.

आमच्या शिवारातला पाझर तलाव 1972 च्या दुष्काळात खोदलेला. वडील आणि आई दोघंही त्या कामावर होते, माती डोक्यावरच्या पाटीनं आणि बैलगाडीनं बाहेर निघाली. 2017 ला सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आली. पुढच्या उन्हाळ्यात त्याच तलावातला गाळ आम्ही रानात ओढला. मशीन तलावात भरून देणार, ट्रॉली आपापली. एका ओळखीच्याची डंपिंग ट्रॉली आणली होती, सपाट तळाची, बाजू वेल्डिंग करून फूटभर वाढवलेल्या. चालवायला माझा पुतण्या. वरचा गाळ वाळलेला होता, खालचा लोण्यासारखा. दुपारच्या खेपेला खालचा आला.

रानात आधी टाकलेल्या ढिगांच्या मधून जागा काढत त्यानं ट्रॉली लावली. डावं चाक ताज्या गाळावर होतं. जॅक वर गेला, मागचा माल पडला, पण पुढच्या डाव्या कोपऱ्यातला ढेकूळ तसाच चिकटून बसला. त्याला वाटलं अजून थोडं उचलावं, पडेल. मी बांधावर होतो. ओरडलो, पण ट्रॅक्टरच्या आवाजात काय ऐकू जाणार. चाक खाली रुतलं आणि पेटारा डावीकडं झुकत झुकत सावकाश आडवा झाला. हुकाचा दांडा पिळला, त्यानं ट्रॅक्टरचं मागचं चाक उचललं. पोरानं उडी मारली ती नेमकी चुकीच्या बाजूला. पाय गेला नाही, पण दोन ठिकाणी मोडला. आज तो चालतो, थोडा लंगडतो. ट्रॅक्टरवर अजून बसतो, डंपिंगचा लिव्हर मात्र दुसऱ्याला ओढायला सांगतो.

नंतर मी वहीत मांडून बघितलं तेव्हा कळलं की त्याच्या चुकीहून हिशेबच मोठा होता. पेटारा 10 फूट लांबीचा. 45 अंश उचलला की पुढचं टोक सात फूट वर जातं. तळ आधीच जमिनीपासून चार फूट. म्हणजे पुढच्या कोपऱ्यात अडकलेला माल दहा-अकरा फुटांवर. दोन चाकांतलं अंतर पाच फूट. एक चाक अर्धा फूट रुतलं तर गाडी फुटाला सव्वा इंच कलते, आणि दहा फुटांवरचा माल बारा इंच बाजूला जातो. चाकापर्यंतचं अर्ध अंतर तीस इंच. आधीच जमीन थोडी कललेली असली, माल एकाच कोपऱ्यात असला, की तीस इंच संपायला काय लागतंय? वर बाजू वाढवलेल्या. त्यामुळं माल जास्त, उंचीही जास्त आणि चिकटायला पत्राही जास्त.

तेव्हापासून तीन गोष्टी आम्ही पाळतो. जॅक उचलायच्या आधी दोन्ही चाकं घट्ट जमिनीवर आहेत का ते खाली उतरून बघायचं. अडकला माल तर अजून उचलायचं नाही, खाली घ्यायचं आणि खोऱ्यानं सोडवायचं. आणि वर बघायचं, कारण वीस इंची फाळक्यासकट तो पेटारा उचलल्यावर सव्वाबारा फुटांपर्यंत पोचतो आणि आपल्या रानातल्या तारांचा झोळ सगळ्यांना माहीत आहे.

उलाळची गंमतही इथंच कळते. दोन चाकी ट्रॉली भरलेली असताना किंचित धुरजड असते, ठीक. पण पेटारा उचलला आणि माल मागं घसरला की सगळा भार आसाच्या मागं जातो. फाळका उघडला नाही किंवा माल दाराशी तुंबला, की तीच गाडी क्षणात उलाळ होते, हुक वर खेचते आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी पडतात. बैल असता तर गळा आवळला असता. म्हणून हुकाच्या खिळीला खालून क्लिप पाहिजेच. नुसती खिळी वर उडते.

चार चाकी ट्रॉलीचं कुणी विचारेल. पुढं फिरता आस, मागं स्थिर आस, वजन स्वतःच्या पायावर. डांबरी रस्त्याला, लांबच्या कारखान्याला चांगली. पण तिचा भार ट्रॅक्टरवर येत नाही म्हणून ओल्या चढाला चाकं जागेवर फिरतात. आणि मागं घेताना ती कुणीकडं जाईल हे तिलाच माहीत. आमचं रान तलावाच्या अंगाला, काळं, ओल धरणारं. आम्हाला दोन चाकीच.

तर ठरलं काय? मी पोराला म्हटलं, तू वर्षाच्या खेपा लिही, कोणत्या मालाच्या किती. त्यानं लिहिल्या. ऊस पहिला, मग शेणखत, मग कडबा आणि कट्टे, मुरूम आणि गाळ शेवटी. कागद बघून तो गप्प बसला, पण नाराजी गेली नाही. त्याचं म्हणणं असं की मुरमाच्या खेपा कमी आहेत त्या डंपिंग नाही म्हणूनच. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पाच वर्षांनी त्याचंच खरं ठरू शकतं. पण आज कर्ज काढून घ्यायची वस्तू आजच्या मालाची असावी, आणि सही माझी आहे.

मग मधला मार्ग काढला. चेसी एकच, दोन चाकी, मागं उलटणारी, जॅक तीन टप्प्यांचा. (उचलायला सुरुवात करताना सगळ्यात जास्त जोर लागतो, म्हणून पहिला टप्पा जाड असतो. टप्पे बारीक होत जातात तसा भारही कमी झालेला असतो.) तळ सपाट. फाळके 20 इंचांचेच, त्याच्या वर वेल्डिंग नाही. शेणखताला आणि कडब्याला वरून खोचायच्या सुट्या जाळ्या, म्हणजे आजोबांच्या तट्ट्याच. उसाला उभ्या दांड्या घालायला कडेनं खोबण्या. पेटारा पुढच्यापेक्षा मागं दोन इंच रुंद, म्हणजे घसरणारा माल मध्येच आवळून बसत नाही. आणि पोराच्या अर्धगोलातली एक गोष्ट उचलली. तळ आणि बाजू जिथं मिळतात तिथं, पुढच्या कोपऱ्यांतसुद्धा, आतून चार इंची तिरकी पट्टी मारायची. कोपरा मोडला की गाळाला पकड राहत नाही. ही पट्टी मिस्त्रीला पटेना. म्हणाला, "बापू, कट्टे रचताना चार इंच वाया जातील." म्हटलं, जाऊ देत.

मागच्या फाळक्याला बिजागरी दोन्हीकडं सांगितली. गाळ-मुरूम टाकताना तो वरून लटकावा आणि आपोआप उघडावा, कट्टे भरताना खाली पडावा. त्याचे थोडे जास्त पैसे मागितले, ते दिले.

काल इसार देऊन आलो. पुतण्याही बरोबर आला होता, तो सगळा वेळ गप्प होता. निघताना मिस्त्रीला म्हणाला, चेसीला एक जाड पाइपाचा टेकू बिजागरीनं लटकवून द्या, पेटारा वर असताना खाली कुणी ग्रीसिंगला गेलं तर लावायला. मिस्त्रीनं पाटीवर खडूनं लिहून घेतलं. ट्रॉली आली की फोटो टाकतो, टेकूचाही.